त्रेचाळीस दांते आणि आठ

यंत्राच्या अंगीं जी शक्ति असते ती घरांतील मिळकतीसारखी असते. मिळकत ठरलेली असते. ती कशी खर्च करावयाची एवढेंच आपल्या हातीं असतें. मोटारीचें इंजिन जेवढी शक्ति निर्माण करतें त्याहून अधिक शक्ति चाकांना कधींच मिळत नाहीं, किंबहुना वाटेंतील घर्षणानें ती थोडी कमीच होते. परंतु तीच शक्ति जोराच्या रूपानें घ्यावी कीं वेगाच्या रूपानें घ्यावी, हें ठरविणारीं दांतेरी चाकें मधल्या मार्गांत बसविलेलीं असतात. त्यांपैकी शेवटची जोडी मागच्या आंसाच्या पोटांत, तेलांत बुडालेली, कोणाच्याही दृष्टीस न पडणारी अशी असते. गाडी विकत घेणारा मनुष्य रंग पाहतो, बैठक पाहतो, इंजिन किती अश्वशक्तीचें आहे तें विचारतो. मागच्या आंसाचें प्रमाण काय, असें विचारणारा विरळा. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरीं मात्र हाच प्रश्न कित्येक दिवस जेवणाच्या पंगतींत चर्चिला गेला, आणि त्या चर्चेंतून जें निष्पन्न झालें तें इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

आमच्या घरीं आजोबांच्या वेळची एक पेट्रोलवर चालणारी जीप आहे. विलिस कंपनीच्या नमुन्यावरून महिंद्रांनीं मुंबईंत बांधलेल्या गाड्यांपैकी ती एक. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें १९४७ पासून विलिस जीपगाड्या आपल्या देशांत जोडण्यास आरंभ केला, आणि पुढें कित्येक वर्षें आडरस्त्यावरची गाडी म्हणजे जीप असेंच समीकरण आपल्याकडे होऊन बसलें. आमच्या जीपचा मागचा आंस अलीकडे घूं घूं असा आवाज करूं लागला. मिस्त्रींनीं झांकण उघडून पाहिलें तों आंतील क्राऊन-पिनियनचे दांते झिजून गेलेले. नवा संच बसविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तेव्हां मिस्त्री म्हणाले, “नवा घालायचाच आहे, तर चार-सत्तावीसचा घाला. गाडी हलकी पळेल.” या एका वाक्यानें घरांत दोन पक्ष पडले.

हा ‘चार-सत्तावीस’ काय प्रकार आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक लहान दांतेरी चाक असतें, त्यास पिनियन म्हणतात. तें ज्या मोठ्या चाकाला फिरवितें तें क्राऊन. आमच्या गाडीच्या पिनियनला आठ दांते आहेत व क्राऊनला त्रेचाळीस. त्रेचाळीसास आठांनीं भागलें कीं ५.३७५ येतात; पुस्तकांतून तोच आंकडा ५.३८ असा लिहिलेला असतो. याचा अर्थ, रस्त्यावरील चाकाची एक फेरी होण्यास दांड्याच्या पांच फेऱ्या आणि वर तीन अष्टमांश फेरी इतकें फिरणें होतें, आणि फेऱ्या ज्या प्रमाणांत कमी होतात त्याच प्रमाणांत पीळ वाढतो. ज्यांनीं जातें ओढलें आहे त्यांस हें सांगावयास नको. खुंटा मध्याच्या जवळ असला तर हात थोडा फिरतो पण जोर फार लागतो. खुंटा कडेला असला तर जोर थोडा लागतो पण हाताला मोठा फेरा घ्यावा लागतो. प्रमाणाचा आंकडा मोठा म्हणजे खुंटा कडेला. आंकडा लहान म्हणजे खुंटा आंत.

घरांतील मुलांस एक शंका आली कीं, हे आंकडे असे आडनिडे कां? चाळीस दांते आणि आठ दांते ठेवून सरळ पांचपट कां केली नाहीं? शंका मोठी चांगली होती. चाळीस आणि आठ घेतले तर पिनियनचा प्रत्येक दांता क्राऊनच्या त्याच त्या पांच दांत्यांशीं जन्मभर भेटत राहील. एखादा दांता किंचित् वांकडा असला तर तेच पांच दांते खराब होत जातील. त्रेचाळीस व आठ यांना एकाखेरीज साधारण विभाजक नाहीं, त्यामुळें प्रत्येक दांता क्रमाक्रमानें समोरच्या प्रत्येक दांत्याला भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी वांटली जाते. जीपच्या आंसांत मिळणारे दुसरे संच पाहिले तर त्यांतही हीच योजना दिसते. ४.८८ च्या संचांत एकोणचाळीस व आठ दांते असतात, ४.२७ च्या संचांत सत्तेचाळीस व अकरा.

या ५.३८ चा इतिहासही मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धांत विलिसनें सैन्यासाठीं जी जीप केली तिच्या आंसाचें प्रमाण ४.८८ होतें. सैन्याला जोरही हवा होता आणि दळणवळणासाठीं पळही हवी होती. युद्ध संपल्यावर, १९४५ सालीं, तीच गाडी शेतकऱ्यांस विकण्याचें कंपनीनें ठरविलें. आतां तिनें नांगर ओढावयाचा होता, शेतांतून भार वाहावयाचा होता. तेव्हां कंपनीनें आंसाचें प्रमाण ५.३८ केलें आणि गिअरपेटींतील पहिला गिअरही अधिक जोराचा घातला. गाडीनें सैनिकाचा वेष उतरवून शेतकऱ्याचा वेष घेतला, त्या वेळीं तिच्या पोटांतील हे दांते बदलले. आमच्या आजोबांच्या जीपपर्यंत तोच आंकडा चालत आला.

याच्या अगदीं उलट टोकाचें उदाहरणही अमेरिकेंतच सांपडतें. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जी. टी. ओ. पासून पुढें तेथील तरुणांत प्रचंड इंजिनांच्या मोटारींचें वेड पसरलें; त्यांस ते लोक ‘मसल कार’, म्हणजे पिळदार दंडाची गाडी, असें म्हणत. या गाड्या मागवितांना गिऱ्हाइकाला मागच्या आंसाचें प्रमाण निवडतां येई. ज्यास लांबच्या सडकेवरून निवांत जावयाचें असे तो तिनाच्या आसपासचा आंकडा घेई. ज्यास पाव मैलाच्या, म्हणजे सुमारें चारशें मीटरच्या, शर्यतींत क्षणार्धांत उसळी मारावयाची असे तो चार किंवा त्याहून मोठा आंकडा घेई. आज त्या गाड्या जुन्या होऊन संग्राहकांच्या हातीं गेल्या आहेत, तरी त्यांचे मालक हाच वाद घालीत बसतात. इंजिन इतकें बलाढ्य असूनही हा प्रश्न सुटत नाहीं, मग आमच्या सुमारें सत्तर अश्वशक्तीच्या जीपला तो सुटेल कसा?

परदेशीं जाण्याचेंही कारण नाहीं. मलकापूरच्या स्टेशनवरून मालगाड्या ओढणारीं आणि प्रवासी गाड्या ओढणारीं विजेचीं इंजिनें जात असतात. त्यांपैकी डब्ल्यू. ए. जी. ७ व डब्ल्यू. ए. पी. ४ या दोन जातींच्या इंजिनांत चाकें फिरविणारी विजेची मोटर एकाच बनावटीची. परंतु मालगाडीच्या इंजिनांत सोळा दांत्यांचें चाक पासष्ट दांत्यांच्या चाकाला फिरवितें, तर प्रवासी इंजिनांत तेवीस दांत्यांचें चाक अठ्ठावन्न दांत्यांच्या चाकाला. एकाचें प्रमाण चारांहून थोडें अधिक, दुसऱ्याचें अडीच. पहिल्याची वेगमर्यादा ताशीं १०० किलोमीटर, दुसऱ्याची १४०. रेल्वेला हें परवडतें, कारण तिला दोन कामांसाठीं दोन इंजिनें ठेवतां येतात. आमच्या घरीं जीप एकच, आणि कामें सर्वांचीं.

आतां आमच्या मुलुखाकडे वळतों. बुलढाणा हें अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें गांव. येथून मलकापूरकडे जावें तर राजूरचा घाट उतरून मोताळ्याच्या बाजूस जावें लागतें. खामगांवकडे जावें तर ज्ञानगंगेच्या अरण्यांतून बोथ्याचा घाट. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन, जी पावसाळ्यांत पायांतील जोडा ओढून घेते. आमची शेती घाटाखालीं, घर घाटावर. तिसरी दिशा दक्षिणेची. चिखलीवरून मेहकरकडे गेलें कीं समृद्धि महामार्ग लागतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू आहे. थोरले चुलतबंधु, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतों, नोकरीनिमित्त नागपुरास असतात. आजोबांच्या जीपमधून सहकुटुंब नागपूर-बुलढाणा ये-जा करावी, ही त्यांची फार दिवसांची हौस. ४.२७ चें नांव निघतांच त्यांचे डोळे चमकले, हें नवल नव्हे.

दादांचें म्हणणें पोकळ नव्हतें. त्यांनीं कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या गाडीचें सोळा इंची चाक एका फेरींत सुमारें २.२ मीटर अंतर कापतें, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४५५ फेऱ्या. वरच्या गिअरमध्यें दांडा इंजिनाच्याच गतीनें फिरतो. तेव्हां ५.३८ च्या आंसावर ताशीं ६० किलोमीटरला इंजिनाच्या मिनिटास सुमारें २,४५० फेऱ्या होतात. ८० ला ३,२६०. आणि १०० ला ४,००० च्याही वर. या इंजिनाची पुरी शक्ति ४,००० फेऱ्यांनाच प्रकट होते. त्यापुढें त्यास पिटाळणें म्हणजे म्हाताऱ्या मनुष्यास जिना धांवत चढावयास लावणें. तेंच ४.२७ च्या आंसावर ६० ला सुमारें १,९५० फेऱ्या आणि ८० ला २,६०० च होतात. “काका, इंजिनाला केवढा आराम आहे पाहा! आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही थोडें कमी,” असें म्हणून दादांनीं कागद काकांपुढें ठेवला.

काकांनीं चष्मा लावून कागद वाचला, आणि म्हणाले, “हिशेब बरोबर आहे. पण अरे, यांत घाट कोठें आहे?”

मग दुसरा हिशेब झाला. प्रमाण ५.३८ वरून ४.२७ वर आणलें म्हणजे प्रत्येक गिअरमध्यें चाकावरचा जोर सुमारें एक पंचमांशानें घटतो. या जीपला पुढें जाण्याचे गिअर तीनच, पहिला २.८० चा, दुसरा १.५५ चा, तिसरा सरळ. पहिल्या-दुसऱ्यांत मोठें अंतर आहे. आज माणसें आणि पोतीं घेऊन राजूरचा घाट दुसऱ्या गिअरवर चढतां येतो. जोर पंचमांशानें घटल्यावर वळणावर दुसरा गिअर दम टाकणार, आणि पहिला घालावा लागणार. परंतु या जुन्या गिअरपेटींत पहिला गिअर चालत्या गाडींत सुखानें पडत नाहीं. एक तर गाडी थांबवावी, नाहीं तर दोनदां क्लच दाबून, इंजिनाची गति अचूक जुळवून तो घालावा. भरल्या गाडीनें घाटाच्या वळणावर, मागें ट्रक असतांना, हा प्रयोग कोणीं करावा?

त्याहून महत्त्वाची गोष्ट उताराची. घाट चढण्याची चिंता सर्वांस असते. परंतु घात होतो तो उतरतांना. गिअर घालून उतरलें कीं इंजिनच गाडीला मागें खेंचून धरतें, आणि ब्रेकवर थोडाच भार पडतो. आंसाचा आंकडा मोठा असेल तर ही पकड घट्ट; लहान असेल तर ढिली. जीपचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. ते सतत दाबले म्हणजे तापतात, आणि तापले म्हणजे धरीत नाहींत. घाट उतरतांना मागच्या बाकावर पोरें बसलेलीं असतात, हें काकांनीं एकदांच सांगितलें, आणि दादा कांहीं वेळ बोलले नाहींत.

तरी त्यांनीं आपली बाजू सोडली नाहीं. समृद्धीवर लहान वाहनांस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या प्रवाहांत साठाच्या गतीनें चालणारी गाडी हाच एक धोका, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु दांते बदलल्यानें इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्या कमी होतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि लोखंडी पाट्यांची कमान जशीच्या तशी राहते. जीपचें तोंड भिंतीसारखें सपाट. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याला बाजूस सारण्यास आठपट शक्ति लागते. सत्तर अश्वशक्तीला थोडासा चढ आणि समोरचा वारा एकदम लागला तर ४.२७ चा आंस तिला वरच्या गिअरमध्यें राहूंच देणार नाहीं. शिवाय या गाडीचा वेगदर्शक कांटा आंसाच्या अलीकडून फिरतो. दांते बदलून तो तसाच ठेवला तर कांटा साठ दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत पंचाहत्तरानें चाललेली असेल.

खरी अडचण मात्र पुढच्या आंसाची होती. जीप चारी चाकांनीं ओढते; पुढच्या आंसांतही ५.३८ चाच संच आहे, आणि तो धडधाकट आहे. मागें ४.२७ आणि पुढें ५.३८ असें करून चारी चाकें जोडलीं तर एक आंस एका गतीनें जाऊं पाहील व दुसरा दुसऱ्या. दोन बैलांनीं एकाच जोखडांत निरनिराळ्या चालीनें चालावें तसें होईल, आणि शेवटीं कांहीं तरी मोडेल. म्हणून बदल करावयाचा तर दोन्ही आंसांचा करावा लागतो आणि खर्च दुप्पट होतो. दादांनीं सुचविलें कीं, पुढचीं चाकें जोडूंच नयेत. त्यावर काका म्हणाले, “मग श्रावणांत शेतावर जायचें कसें?” काळ्या चिखलांत चारी चाकें आणि आडगिअर जोडल्यावर पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचा पीळ चाकावर सदतीसपट होऊन पोंचतो, ४.२७ वर तो एकोणतीसपटीच्या थोडा वर राहील. ज्यानें रुतलेलें चाक वाळलेल्या पऱ्हाट्या घालून काढलें आहे त्यास या आठपटींची किंमत कळते.

मधला मार्ग म्हणून ४.८८ चाही विचार झाला. घाट त्यानें चढला असता, उतारावरची पकडही पुष्कळ राहिली असती. परंतु इंजिनाच्या फेऱ्या शेंकडा नऊ-दहाच कमी होणार, आणि त्यासाठींही दोन्ही आंस उघडावयाचे. ज्या घरीं दोन्ही संच झिजलेले असतील त्यांनीं या आंकड्याचा अवश्य विचार करावा. आमच्यासाठीं तो थोड्या लाभाकरितां मोठा खर्च होता.

वाद मिटविला तो वहिनींच्या वहीनें. दादांच्या कुटुंबानें नव्हे, येथें घर सांभाळणाऱ्या धाकट्या वहिनींनीं. जीपच्या पेट्रोलची नोंद त्या गेलीं कित्येक वर्षें ठेवीत आल्या आहेत. कोणत्या दिवशीं, कोठें, किती जण. त्यांनीं वही पंगतींत आणून ठेवली आणि म्हणाल्या, “गाडी कोठें जावी हें तुम्ही बोलतां आहां. ती कोठें जाते तें यांत आहे.” पानें उलटून पाहिलीं. शेत, मलकापूरचें स्टेशन, मोताळा, पुन्हां शेत. वर्षांतून एकदां शेगांव. दवाखान्यासाठीं अपरात्रीं घाट उतरल्याच्या दोन-तीन नोंदी. मेहकरच्या पलीकडचें एकही नांव नव्हतें. आंकड्यांचा वाद आंकड्यांनींच संपला. दादांनीं आपण होऊन सांगितलें, “पांच-अडतीसच घाला.”

तसाच नवा संच बसविला. त्याविषयीं दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. क्राऊन आणि पिनियन हीं कारखान्यांत एकमेकांशीं जुळवून जोडीनें केलेलीं असतात. एक जुनें व एक नवें असें कधींही घालूं नये. आणि बसवितांना मिस्त्रींनीं दांत्यांस रंग लावून, ते एकमेकांवर कोठें टेंकतात तें पाहून, बारीक पत्र्याच्या चकत्यांनीं अंतर जुळविलें पाहिजे; ही खटपट टाळली तर नवा संचही थोड्याच दिवसांत जुन्यासारखा ओरडूं लागतो. आपल्या गाडीचें प्रमाण ठाऊक नसेल तर गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, पुढच्या चाकांस दगड लावून, मागचीं दोन्ही चाकें पक्क्या ठोकळ्यांवर उचलावीं. चाकांवर व दांड्यावर खडूची खूण करावी, आणि दोन्ही चाकें बरोबरीनें एक फेरी फिरवून दांड्याच्या फेऱ्या मोजाव्या. आमच्या मुलांनीं हें केलें. पांच पुऱ्या आणि सहावीची तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक, असें उत्तर आलें.

या निवडीनें आम्हांस जें गमवावें लागलें तेंही लिहिलें पाहिजे. जीप साठाच्या पलीकडे सुखानें जाणार नाहीं. आजोबांच्या गाडींतून नागपुरास जाण्याची दादांची हौस पुरी झाली नाहीं, आणि ती हौस लहान होती असें मीं म्हणणार नाहीं. आजोबांच्या शेजारीं बसून ते पहिल्यानें गाडी चालवावयास शिकले होते. ते आपल्या नेहमींच्या मोटारीनें समृद्धीवरून मेहकरपर्यंत येतात, आणि आल्यावर शेतावर जातांना जीप तेच चालवितात. एकत्र कुटुंबांत एका वस्तूकडून प्रत्येकाला कांहीं तरी निराळें हवें असतें, आणि वस्तु सर्वांची असल्यामुळें कोणालाच पुरतें मिळत नाहीं. अशा वेळीं कोणाचें काय राहिलें तें उघडपणें बोलून ठेवलें म्हणजे मागाहून घरांत कुरकुर राहत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. जुनी गाडी असलेल्या वाचकांस मिस्त्रींनीं असाच एखादा नवा आंकडा सुचविला, तर होकार देण्यापूर्वीं त्यांनीं गेल्या वर्षभरांत ती गाडी कोठें कोठें गेली तें एका कागदावर लिहून काढावें. दांते मोजणें त्यानंतरचें काम आहे.